शिवणाची माडी

शिमग्याच्या पालख्या देवळात परत बसल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी तो कागद आमच्या दारावर लागला. मी सकाळी कुलूप उघडायला गेले तर बरोबर कडीच्या वर, भरपूर खळ थापून चिकटवलेला. ‘सदर इमारत वापरास धोकादायक असून’ असं सुरू झालेलं वाक्य चार ओळी चाललं होतं आणि आत जाणाऱ्याच्या जिवाची जबाबदारी ज्याची त्याच्यावर टाकून एकदाचं संपलं होतं. मी ते दोनदा वाचलं. मग आत गेले, वहीचं पान फाडलं, कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूनं त्यावर लिहिलं, ‘शिवणवर्ग नेहमीच्या वेळी भरेल’, आणि ते पान त्या कागदाच्या शेजारी, त्याच उंचीवर लावून टाकलं. वय अडुसष्ट, गुडघे दोन्ही दुखरे, पण असले उद्योग करताना मला अजून बरं वाटतं.

इमारत रत्नागिरीच्या जुन्या बाजारातून मांडवीकडे उतरणाऱ्या रस्त्याला लागून आहे. कागदोपत्री ती आमच्या महिला मंडळाची, पण गावात तसं कोणी म्हणत नाही. रिक्षावाल्याला ‘शिवणाची माडी’ म्हटलं की तो दारात आणून सोडतो. काथ्या आणि नारळाच्या एका व्यापाऱ्यानं ती बांधली, खाली माल आणि वर बिऱ्हाड अशा बेतानं. पुढच्या पिढीनं मुंबईत बस्तान बसवलं आणि जाताना वास्तू मंडळाला देऊन टाकली. भिंती जांभ्या चिऱ्याच्या आहेत, पण त्या आडोशापुरत्या. सगळा भार लाकडाच्या सांगाड्यावर आहे. खाली बारा सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्यांची जमीन, वर पुन्हा बारा खांब आणि मग कौलं. हा सांगाडा घरं बांधणाऱ्या सुतारांनी केलेला नाही, बंदरावरच्या होड्या बांधणाऱ्या मेस्त्र्यांनी केला असं सांगतात, आणि ते खरं असावं. सांध्यात लोखंडी खिळा शोधून सापडत नाही. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खोबणीत बसवायची आणि आरपार लाकडाचीच खुंटी ठोकायची, बस्स. प्रत्येक सांध्यावर पटाशीनं केलेल्या खुणा आहेत. कुठे दोन रेघा, कुठे एक रेघ आणि फुली. आधी सगळं बंदरावर जमिनीवर जुळवून बघितलं, खुणा केल्या, सुटं करून गाड्यांतून वर आणलं आणि खुणेला खूण लावून पुन्हा उभं केलं. शिवणातही तुकडे जोडायच्या आधी आम्ही कडेला खाचा मारतो. त्यामुळे त्या खुणा काय आहेत हे मला कोणी सांगावं लागलं नाही.

मी इथे पहिल्यांदा शिकायला आले, मग शिकवायला लागले, मग मंडळाची चिटणीस झाले. वरच्या मजल्यावर एकवीस पायमशिनं आहेत. खाली कापड बेतायचं काम चालतं. माझ्याकडे येणाऱ्या बायका निम्म्या आतल्या गावांतल्या, सकाळच्या एसटीनं येणाऱ्या, नवरे मुंबईला. निम्म्या मांडवी आणि खाडीकडच्या वस्तीतल्या. आंब्याच्या दिवसांत अर्ध्या जणी बागेत निवडायला जातात, तेव्हा वर्ग रोडावतो. बाकी वर्षभर एकवीसच्या एकवीस मशिनं चालू असतात, आणि ती एकदम चालू झाली की माडीची जमीन गुणगुणायला लागते. खालचा दिवा डुलतो. नव्या मुली घाबरून पाय थांबवतात. मी त्यांना विचारते, होडी हलली म्हणून कोणी पाण्यात उडी मारतं का?

हे हलणंच आमच्या मुळावर आलं. आमचे अध्यक्ष म्हणजे मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ. मंडळ बायकांचं आणि अध्यक्ष पुरुष, ही जुन्या घटनेतली तरतूद कोणी बदलली नाही, मीही नाही. एका संध्याकाळी ते खाली बसलेले असताना तुळईवरची धूळ त्यांच्या चहात पडली. त्यांनी वर बघितलं आणि तेव्हापासून त्यांना ही इमारत पडणार असं वाटायला लागलं. मग घाटावरचा एक तरुण इंजिनियर आला. पोरगा प्रामाणिक होता. त्यानं दोन दिवस मोजमापं घेतली, मला मॅडम म्हणाला, चहा दिला तर कप विसळून ठेवला. पण त्यानं पेचकस काढून कोपऱ्यातल्या खांबाच्या पायाशी टोचला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. भिजलेल्या भुशात बोट जावं तसा. असे सात खांब निघाले. त्याच्या अहवालात ओळ आली, ‘लाकडाचे आयुष्य संपलेले आहे.’ अहवाल कचेरीत गेला आणि कचेरीतून दारावर कागद आला.

एक बिल्डर तयारच होता. इमारत पाडायची, सहा मजले चढवायचे, त्यात मंडळाला एक खोली द्यायची. दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टसह. लिफ्टचं नाव निघालं की आमच्या कमिटीतल्या सगळ्या गुडघ्यांना आशा वाटायला लागायची. गुढीपाडव्यानंतरच्या रविवारी सर्वसाधारण सभा ठरली. त्या सभेत हात वर झाले की माडी जाणार होती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. सागवानाचं आयुष्य संपलं म्हणे! मी मिरकरवाड्याच्या बंदरावर गेले. तिथे होड्या दुरुस्त करणारे एक मेस्त्री आहेत. त्यांचे वडील पूर्वी आमच्या माडीचं लाकूडकाम बघायचे, म्हणून मला त्यांचं घराणं माहीत. एका होडीच्या पोटाखाली उताणे पडून ते फटीत कापूस ठोकत होते. मी म्हटलं, “मेस्त्री, माझ्या खांबांना बघायला चला. डॉक्टरनं हात टेकलेत.”

ते दुसऱ्या दिवशी सकाळी आले. पिशवीत हातोडी, पटाशी आणि करवत. ते सरळ पहिल्या खांबाशी गेले आणि डोक्याच्या उंचीवर हातोडी वाजवली. खणखणीत आवाज आला. मग कमरेशी. तसाच. मग गुडघ्याशी बसून पायाशी वाजवली, आणि तिथे बद्द आवाज आला, ओल्या पोत्यावर मारल्यासारखा. त्यांनी बाराही खांब असे वाजवले. मी मागोमाग फिरत होते. सात ठिकाणी खाली बद्द. वर मात्र बाराच्या बारा खणखणीत.

“लाकूड काय वाईट नाय, बाई,” ते म्हणाले. “अजून दोन पिढ्या बगंल. खाली कायतरी वेगलाच हाय.”

त्यांनी कोपऱ्यातल्या खांबाजवळची एक लादी पटाशीनं उचकटली. लादीखाली सिमेंट. ते फोडलं, तर खाली आणखी सिमेंट, खांबाच्या भोवती गळपट्टीसारखं घट्ट बसलेलं. ते तुकडे हातानं बाहेर काढत ते खाली गेले, वीतभर, आणि मग त्यांच्या पटाशीला दगड लागला. काळ्या दगडाचा चौरस तळखडा. लाकूड त्या दगडावर उभं होतं. दगड जमिनीच्या वर असायला हवा होता आणि तो वीतभर खाली गाडला गेला होता. लाकडाचा सबंध पाय सिमेंटच्या आत, ओलीत. त्यांनी बोटानं लाकूड खरवडलं तर काळा चोथा हातात आला.

“हा बगा,” ते म्हणाले. “तलखडा केला व्हता तो लाकडाला जमीन लागू नये म्हनून. कोनीतरी जमीन वर आनलीन् नि खांबांचे पाय सिमिटात पुरलेन्. पावसाचा पानी भितीतून उतरता, ता हितं येऊन रवता. सुकायला वाटच नाय.” मग त्यांनी मान वर केली. “कोनी केलान् ह्या?”

मी खोटं बोलू शकले असते. समोर फक्त एक मेस्त्री होता आणि गोष्ट पुष्कळ वर्षांपूर्वीची होती.

“मी,” मी म्हटलं.

“तुमी?”

“मीच.”

आणि ते खरंच होतं. मी नवी नवी चिटणीस झाले होते आणि मला सगळं सुधारून टाकायचं होतं. खालची जमीन तेव्हा कोब्याची होती, ठिकठिकाणी फुटलेली, आणि बारा खांबांचे बारा दगड तिच्यातून वर आलेले. कापड बेतायला जमिनीवर अंथरायचं तर दर सहा-सात हातांवर दगड. साडीला फॉल लावताना कोपरा दगडाला अडायचा, परकराचा घेर पुरा पसरता यायचा नाही. त्यात आणखी तेल. मेस्त्रींचे वडील दर दिवाळीनंतर पत्र्याचा डबा घेऊन यायचे. डब्यात काजूच्या टरफलांचं तेल, काळंकुट्ट आणि उग्र. होड्यांना लावतात तेच. ते काथ्याच्या कुंचल्यानं खांबांच्या पायांना चोपडून जायचे. वाळवी आणि ओल दोन्ही त्याला घाबरतात. पण आठवडाभर ते चिकट असायचं, आणि एका वर्षी एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या मांजरपाटावर त्याचा डाग पडला. तो डाग निघत नाही. घासून घासून कापड विरलं, पण डाग तसाच राहिला. माझी गावभर शोभा झाली.

मी वर्गणी काढली आणि जमीन वीतभर भरून घेतली. दगड दिसेनासे झाले. वर पांढऱ्या लाद्या बसल्या. खांबांच्या भोवती गवंड्यानं सिमेंटची सुबक कडी करून दिली, आणि मला ती फार आवडली. इतकी सपाट, गुळगुळीत जमीन आमच्या आळीत दुसरी नव्हती. त्या दिवाळीनंतर मेस्त्रींचे वडील नेहमीसारखे डबा घेऊन आले आणि दारात थबकले.

“बाय,” ते मला म्हणाले होते, “खांबाला खालून वारा लागायला होया.”

मी म्हटलं, “काका, ही होडी नाही. इथे पांढरं कापड अंथरतात. आता तेलाचं काम नाही.” त्यांनी डबा खाली ठेवला नाही. तसेच वळून गेले. पुन्हा आले नाहीत, मीही बोलावलं नाही. ते माझ्यापेक्षा वयानं मोठे होते, आणि बायकांसमोर मी त्यांना तसं बोलले होते.

“तुझे वडील आहेत का रे?” मी मेस्त्रींना विचारलं. त्यांना अरेतुरे कधी करत नव्हते, पण त्या वेळी तोंडातून तसंच निघालं.

“गेले, बाई. चार पावसाले झाले.”

मला लाज वाटली. नुसती लाज नव्हे, राग आला, स्वतःचा. इतके दिवस मी त्या पोराच्या अहवालावर, अध्यक्षांवर, बिल्डरवर दातओठ खात होते, आणि लाकडाचं आयुष्य संपवणारी मीच इथे निळा खडू घेऊन दारावर कागद लावत होते.

मी विचारलं, “आता?”

मेस्त्री हसले. “आता काय? होडीचा एक फाला कुजला तर होडी मोडतंव काय? कुजला तेवडा कापायचा, नवा लाकूड सांदायचा. पन आदी ही जमीन उकरायला लागंल. सगली.”

“कधीपर्यंत?”

“मिरगाच्या आत व्हईल. पाऊस लागलो की मग मी काय हात लावनार नाय.”

मी त्या संध्याकाळी अध्यक्षांच्या घरी गेले आणि झालेलं सगळं सांगितलं. ते ओटीवर झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आतून पाणी मागवलं आणि मग मला जे म्हणाले ते त्यांनी चांगल्या मनानंच म्हटलं, हे मला आजही मान्य आहे.

“बाई, हे सभेत बोलू नका. तुम्ही या मंडळासाठी आयुष्य घातलंत. आता शेवटी शेवटी लोकांनी म्हणायचं, बाईंनीच इमारत घालवली? कशाला? लाकूड जुनं झालं, एवढं पुरे आहे. कोणाकडे बोट जात नाही.” मग ते म्हणाले, “नव्या इमारतीत शिवणवर्गाच्या खोलीला तुमचंच नाव देऊ. मी शब्द देतो.”

मी पाणी तसंच ठेवून उठले. सरळ सांगते, मला मोह झाला. घरी येईपर्यंत माझं त्या पाटीवरचं नाव दोनदा वाचूनही झालं होतं. कोणाकडेच बोट जाणार नाही, मी मूग गिळून बसायचं, सगळे मला हळहळत निरोप देणार, आणि माडी पाडताना मी डोळ्यांना पदर लावून उभी. लोक म्हणाले असते, बाईंचा किती जीव होता! आणि ज्या लाकडानं काही वाकडं केलं नव्हतं त्याच्या माथ्यावर माझी चूक कायमची बसली असती. त्या रात्री मला झोप लागली नाही, ती शुद्ध रागानं.

सभा अंगणात झाली, कारण धोक्याच्या इमारतीत बसायला अध्यक्ष तयार नव्हते. फणसाच्या सावलीत खुर्च्या मांडल्या. इंजिनियरही आला होता. अध्यक्षांनी प्रस्ताव वाचला, बिल्डरचा नकाशा हातोहात फिरला, लिफ्टवर सगळ्यांचं बोट पडलं. मग मी उठले, माडीत गेले, मेस्त्रींनी उचकटलेला लादीचा तुकडा, खाली चिकटलेल्या सिमेंटसकट, दोन्ही हातांनी उचलून आणला आणि अध्यक्षांच्या टेबलावर, नकाशावर ठेवला.

“लाकडाचं आयुष्य संपलेलं नाही,” मी म्हटलं. “लाकडाचे पाय मी पुरले. ही लादी माझी, हे सिमेंट माझं. कापड नीट बेतता यावं म्हणून मी जमीन वर आणली, तेल बंद केलं आणि ज्यांना कळत होतं त्यांना दारातून परत पाठवलं. इथल्या कितीतरी जणींनी तेव्हा माझं कौतुक केलं होतं. मीही करून घेतलं. ते सगळं चुकीचं होतं. वरचं लाकूड ठणठणीत आहे. हवं तर जाऊन हातोडी मारून बघा.”

मागच्या रांगेतून एक सभासद उठल्या. माझ्याच वयाच्या, माझ्याशी कधी पटलं नाही अशा. त्या म्हणाल्या, “म्हणजे इमारत घालवलीत तुम्ही, आणि वाचवायलाही तुम्हीच निघालात? चिटणीस म्हणून तुम्ही राहूच कशा शकता?”

“बरोबर आहे,” मी म्हटलं. “चिटणीसपद आत्ताच घ्या. खांब कापायला मला पद लागत नाही. मला मिरगापर्यंतची मुदत द्या. तोवर सातही खांब दुरुस्त झाले नाहीत, किंवा या साहेबांनी तपासून नाही म्हटलं, तर किल्ली मी स्वतः बिल्डरच्या हातात देईन.”

इंजिनियरकडे सगळ्यांनी बघितलं. त्यानं लादीचा तुकडा उलटा करून बघितला, सिमेंटवर खांबाचा गोल ठसा उमटला होता त्यावरून बोट फिरवलं. “जमिनीखाली मी बघितलंच नव्हतं,” तो म्हणाला. “माझ्याकडनं राहिलं ते. दुरुस्ती झाली तर मी पुन्हा येऊन बघतो की.” त्या एका वाक्यासाठी मी त्या पोराला आयुष्यभर मानीन. आपलं राहिलं असं चारचौघांत म्हणणारे इंजिनियर मी फार बघितले नाहीत, आणि चिटणीसही.

हात वर झाले. मुदत मिळाली, काठावर का होईना. चिटणीसपद गेलं, तेही त्याच सभेत आणि जरा जास्तच मोठ्या बहुमतानं.

दुसऱ्या दिवशी आम्ही जमीन फोडायला घेतली. आम्ही म्हणजे मी आणि माझ्या वर्गातल्या बायका. आंब्याचे दिवस होते, बागांत चांगलं काम मिळत होतं, तरी एसटीनं येणाऱ्यांतल्या कितीतरी जणी घमेली घेऊन आल्या. एकीनं पदर खोचला आणि मला विचारलं, “बाई, पयली लादी तुमी फोडता काय आमी फोडू?” मी म्हटलं, मीच फोडते. मी घण उचलला आणि पहिल्या घावाला लादीला तडासुद्धा गेला नाही. त्या सगळ्या हसल्या, मग मीही हसले. तिसऱ्या घावाला फुटली. चांगल्या मालाची होती, मीच निवडलेली.

आठवड्यानं जमीन जुन्या पातळीवर आली आणि बारा दगड पुन्हा उजेडात आले. मग मेस्त्रींनी काम सुरू केलं. खांबाच्या दोन्ही बाजूंनी तुळईखाली टेकू लावायचे, त्यांच्याखाली ट्रकचे जॅक, आणि जॅक इतका हळू फिरवायचा की वरच्या फळीला कळू नये. खांब दगडावरून बोटभर उचलला गेला की कुजका पाय कापून काढायचा. वरच्या लाकडाला तिरका काप, खालच्या नव्या सागवानाला उलटा तिरका काप, दोन्ही एकमेकांत बसवायचे आणि लाकडाच्या खुंट्या ठोकायच्या. मला बघताबघता कळलं, ठिगळ असं लावायचं असतं. लपवायचं नाही, पण ओढही बसू द्यायची नाही. पहिल्या खांबाचा कापलेला पाय त्यांनी माझ्या हातात दिला. खेकड्याच्या बिळात असतो तसा वास येत होता. मी तो वास नीट घेतला. घ्यायलाच हवा होता.

सातवा खांब सगळ्यात वाईट निघाला, कोपऱ्यातला, जिथे पेचकस मुठीपर्यंत गेला होता. तिथे कमरेपर्यंत कापावं लागलं. मेस्त्री दोन दिवस त्या एका सांध्यावर बसले होते. काम संपल्यावर ते तेलाचा डबा घेऊन आले. मी त्यांच्या हातातून कुंचला घेतला. ते म्हणाले, “हात जलतील, बाई,” आणि ते खरंच जळले. बोटं काळी झाली, कातडं सोलपटलं, तीन आठवडे मी कापडाला हात लावू शकले नाही. मुलींचं बेतणं मी नुसतं तोंडानं सांगायचे आणि त्या काठाला काठ जोडून आपापली कापडं दगडांच्या अधूनमधून पसरायच्या. कोपरे अडत होते, घेर पुरे होत नव्हते. मग एकीनं बाहेरच्या पडवीत दोन टेबलं जोडली आणि त्यावर बेतायला लागली. इतकी साधी युक्ती मला इतक्या वर्षांत सुचली नव्हती. मला जमीनच सपाट हवी होती.

मिरगाला चार दिवस राहिले होते तेव्हा इंजिनियर आला. बरोबर अध्यक्ष आणि कमिटी. त्यानं सांधे बघितले, खुंट्या बघितल्या, प्रत्येक पायात पेचकस रोवायचा प्रयत्न केला. पेचकस टोकाच्या पुढे गेला नाही. मग त्यानं मधल्या तुळईवरून ओळंबा सोडला आणि मला म्हणाला, “मॅडम, वर सगळी मशिनं एकदम चालवायची. पूर्ण जोरात. मी खाली दारात उभा राहून हलणं बघणार. तुम्ही सगळे बाहेर थांबा. तुम्हीपण.”

मी वर गेले. एकवीस जणी मशिनांवर बसल्या होत्या. मी त्यांना सांगितलं, मी खालून थांबा म्हणेपर्यंत पाय थांबवायचा नाही. मग मी खाली आले, आणि बाहेर गेले नाही. एक स्टूल घेतलं, कोपऱ्यातल्या सातव्या खांबाशी ठेवलं आणि खांबाला पाठ टेकून बसले. इंजिनियर म्हणाला, मॅडम, असं करू नका. मी म्हटलं, वर एकवीस जणी बसल्यात, त्यांना मी बसवलंय. आणि हा खांब मी कुजवलाय. त्याच्याखाली दुसरं कोण बसणार? तुमचं काम चालू द्या.

वर पाय सुरू झाले. आधी नुसता टकटकाट, मग तो सगळा एक झाला आणि जमीन गुणगुणायला लागली. ते गुणगुणणं तुळईतून खांबात उतरलं आणि माझ्या पाठीच्या मणक्यात शिरलं. मला भीती वाटली, ती कशाला लपवू. मांडीवर धूळ पडली. ओळंबा थरथरत होता, पण एकाच जागी. मेस्त्री आत आले आणि समोरच्या खांबाला टेकून उकिडवे बसले. थोड्या वेळानं इंजिनियरनं दोरीवरची नजर काढली, वहीत काहीतरी लिहिलं, सही केली, आणि दरवाज्यातून दोन पावलं आत येऊन तोही तुळईखाली उभा राहिला. बाहेर अंगणात अध्यक्ष छत्रीखाली उभे होते. तिथूनच त्यांनी हाक मारली, “बाई, झालं ना आता? त्यांना थांबायला सांगा.”

इंजिनियरनं माझ्याकडे बघून मान हलवली. पास, असा त्याचा अर्थ होता. वरच्यांना थांबा म्हणायचं काम माझं होतं. मी स्टुलावर तशीच बसून राहिले आणि थांबा म्हटलं नाही.